शिक्का बसलेल्या नटाने काय करावं?

विंगेतला
सोमवार, रात्री ११:४०

कुठल्याही मालिकेत किंवा हिंदी वेबसिरीजमध्ये पोलीस ठाण्याचा सीन लागला की जरा नीट बघा, टेबलामागे मी सापडेन. नाव कुणाला माहीत नसतं, पण लोकलमध्ये लोक 'साहेब, सरकता का जरा?' म्हणून थट्टा करतात. गेल्या आठवड्यात एका कास्टिंगच्या मुलीचा फोन आला. 'सर, तुमच्यासाठी एकदम वेगळं कॅरेक्टर आहे.' म्हटलं, काय? तर म्हणे, 'ट्रॅफिक पोलीस.'

रडगाणं गायला बसलेलो नाही. ठाण्यातल्या घराचे हप्ते याच खाकीवर फिटले. पण इतकी वर्षं एकाच कपड्यात उभं राहिल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की झाली, ती इथल्या नाटकवेड्यांसमोर मांडतो. शिक्का निर्माता मारतो, कास्टिंगवाले मारतात, चॅनल मारतं असं आपण म्हणतो. खरंच आहे ते. पण शाई नटाच्या घरची असते.

कशी, ते सांगतो. मालिकेच्या सेटवर सीन हातात पडतो तो बऱ्याचदा शूटच्याच दिवशी, मेकअपच्या खुर्चीत. तालीम म्हणजे एक वाचन आणि 'तुम्ही इथून आत या, तिथे थांबा' एवढंच. अशा वेळी नट ठेवणीतलं काढतो. माझ्याकडे ठेवणीतला एक आवाज आहे, खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी किंचित ओढलेला. एक नजर आहे: आधी फाइल, मग माणूस, मग परत फाइल. टोपी काढून टेबलावर ठेवायची एक ढबही आहे. हे तीन काढले की पहिल्या टेकला ओके. दिग्दर्शक खूश, कॅमेरामन खूश, पॅकअप वेळेत. पुढच्या वेळी 'तेच हवंय' म्हणून बोलावणं येतं आणि मी घरी येऊन बायकोला सांगतो, मला टाइपकास्ट केलं!

अष्टपैलू म्हणजे दाढी वाढवणारा, टक्कल लावणारा, लंगडणारा, दर वेळी नवी बोली बोलणारा, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो पटत नाही. तीच नजर घेऊन आलात तर लुगड्यात काय आणि सुटात काय, तुम्ही तुम्हीच. उलट त्याच खाकीत दुसरा माणूस उभा करता येतो. एका सिनेमात मला हवालदार होता, मोजून चार सीन. पोलीस लाइनीत राहणारा, निवृत्तीला टेकलेला. मी ठरवलं, याचे बूट चावतायत. एवढंच. संवादात त्याचा उल्लेख नाही, दिग्दर्शकालाही बोललो नाही. पण त्यामुळे तो उभं राहायचं टाळतो. साहेब आत आले की उठायला जरा उशीर करतो. आरोपीवर हात उगारण्याआधी टेबलाची कड धरतो. माझं सगळं लक्ष पायाकडे, त्यामुळे ती फाइल-माणूस-फाइल नजर कुठे गेली कळलंच नाही. बघणाऱ्यांपैकी काहींना तो उद्धट वाटला, काहींना दमलेला. मॉनिटरवर बघताना मला वाटलं, अरे, तो मी नव्हेच!

तर प्रश्न असा. साचा मोडलेले नट तुमच्या मते कोण, आणि नेमकं काय करून मोडला? नुसती यादी नको. काम सांगा.

---

लालबाग_परळ
सोमवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या, आत्ता मोबाईलवरून टंकतोय. तो बूट चावणारा हवालदार कुठल्या सिनेमात, ते व्यनि (खासगी निरोप) करा.

---

मेघना_पार्ले
मंगळवार, सकाळी ९:१५

धागा फार आवडला. माझ्याकडून पहिलं नाव निळू फुले.

'एक गाव बारा भानगडी'पासून जो इरसाल गाववाला त्यांना चिकटला तो जन्मभर सुटला नाही. पाटील, सरपंच, साखरसम्राट. खेड्यापाड्यातल्या बायका त्यांना खरोखर शिव्याशाप द्यायच्या आणि ते ती कामाची पावती समजायचे. प्रत्यक्षातला माणूस सेवा दलाचा, साधा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहणारा.

आता 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) लागोपाठ बघा. दिग्दर्शक एकच, जब्बार पटेल. 'सामना'तला हिंदुराव बसला की आजूबाजूची जागा त्याची होते. खुर्ची, ओसरी, अख्खा गाव. मान फारशी हलत नाही, डोळेच हलतात. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस हा मुंबईचा पत्रकार. चेहरा तोच, रंगभूषेचा काही चमत्कार नाही, पण हा माणूस कुठेच जागा अडवत नाही. कोपऱ्यात उभा राहतो, ऐकतो. मंत्री बोलतात, पुढारी बोलतात, हा ऐकतो. सिनेमाभर मला त्याचं ऐकणंच लक्षात राहिलं. विंगेतला, तुम्ही म्हणता ते हेच ना? वेश नाही बदलला, माणसाचा जागेवरचा हक्क बदलला.

आणि त्याआधी १९७२ साली रंगमंचावर सखाराम बाइंडर करून बसले होते, हे विसरू नका. ज्यांनी त्यांना फक्त टीव्हीवरच्या सिनेमांत पाहिलंय त्यांना 'बाई वाड्यावर या' एवढेच निळूभाऊ माहीत. मिमिक्रीवाल्यांनी त्या माणसाचं फार नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत.

---

तिरकस
मंगळवार, सकाळी १०:०३

मिठाचा खडा टाकतो. साचा मोडलाच पाहिजे हा हट्ट कशाला?

जगदीश राज यांनी १४४ सिनेमांत पोलीस केला. गिनीज बुकात नोंद आहे. त्यांना कुणी विचारलं का, की बुवा, दर वेळी तुमच्या इन्स्पेक्टरच्या मनात काय चाललेलं असतं? तो माणूस आला की प्रेक्षकाला कळायचं, आता सिनेमा संपतोय, चपला शोधा. हेही काम आहे. दादरच्या वडेवाल्याला कुणी म्हणत नाही की उद्या जरा पास्ता कर, तुझ्यावर शिक्का बसलाय.

'व्हर्सटाइल' ही समीक्षकांनी नटांच्या मागे लावलेली पिडा आहे. काही नट एकच सूर लावतात, पण तो इतका पक्का लावतात की ऐकत राहावं.

---

विंगेतला
मंगळवार, दुपारी १:२०

@मेघना_पार्ले, 'जागेवरचा हक्क' हे फार नेमकं पकडलंत. तालमीत आम्ही 'याचं वजन कुठे आहे' असं विचारतो, ते हेच.

@तिरकस, वडा पटला. पण वडेवाला रोज ताजं पीठ भिजवतो. माझा मुद्दा कालच्या घाण्याबद्दल आहे. एकच सूर लावणाऱ्याबद्दल तक्रार नाही. तो सूर लावायच्या आधी ऐकला का, एवढंच विचारतोय.

आणि जगदीश राजांबद्दल हसू नका. त्या काळात एवढे सिनेमे मिळणं म्हणजे वेळ पाळणारा, संवाद चोख पाठ असणारा, नखरे नसलेला माणूस. इंडस्ट्रीत याची किंमत अभिनयाइतकीच आहे.

---

रंगपेटी
मंगळवार, दुपारी ३:४५

मी रंगभूषेतला माणूस. नाटक, सिनेमा दोन्ही केलंय. विंगेतल्याने आमच्या पोटावर पाय दिला तरी बोलतो, कारण त्याचं बरंचसं बरोबर आहे.

'तो मी नव्हेच' १९६२ चं. अत्र्यांचं नाटक, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकरांचे पाच अवतार. लोकांना आठवतं ते वेशांतर. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना विचाराल तर ते म्हणतील, मिशी लावणं सोपं असतं हो. मिशी लागल्यावर वरचा ओठ कसा वागतो ते नटाचं काम. बराच नट मिशी लावल्यावर तोंड कमी उघडतो, सुटेल म्हणून. मग सगळी पात्रं पुटपुटायला लागतात. चांगला नट त्या मिशीसकट घरी जेवून आल्यासारखा बोलतो.

दुसरे दिलीप प्रभावळकर. 'हसवाफसवी' त्यांनी स्वतः लिहिलं आणि सहा भूमिका केल्या. त्यातले वृद्ध गायक-नट कृष्णराव हेरंबकर आठवा. रंगभूषा म्हणाल तर म्हातारपणाची नेहमीची. पण तो माणूस दम कुठे घेतो ते बघा. वाक्याच्या शेवटी घेत नाही, मधेच घेतो, आणि मग त्या विश्रांतीची लाज वाटून हसतो. हे पेटीत मिळत नाही. 'झपाटलेला'मध्ये (१९९३) तात्या विंचू तेच, त्या रामदास पाध्यांच्या बाहुल्याला आवाजही त्यांचाच, आणि 'लगे रहो मुन्नाभाई'त (२००६) गांधीजीही तेच. एकाच गळ्यातून 'ओम फट स्वाहा' आणि बापू! त्या भूमिकेने राष्ट्रीय पुरस्कारात त्यांचं नाव आणलं. शिक्का मारायला कुणाला सापडलेच नाहीत ते. विनोदी म्हणावं तर 'चौकट राजा'तला नंदू समोर येतो.

हल्लीचं एक दुखणं सांगतो. प्रोस्थेटिक (चेहऱ्यावर चिकटवायचं खोटं नाक-गाल वगैरे) आलं आणि नटांना वाटायला लागलं, चेहरा बदलला म्हणजे काम झालं. चार-चार तास खुर्चीत बसतात, मोबाईल बघत. तो वेळ आरशात स्वतःकडे बघायचा असतो. चेहरा बदलत जातो तसा माणूस हळूहळू आत शिरतो. रील बघत बसलास तर शेवटी उठतो तो तूच, फक्त नाक मोठं.

---

आरामनगरची_राणी
मंगळवार, रात्री ८:३०

कास्टिंगमध्ये आहे, आरामनगरला, म्हणजे अंधेरीतल्या ऑडिशनच्या अड्ड्यावर. (ट्रॅफिक पोलीसवाला फोन माझा नव्हता!)

आमची बाजू. मालिका बघणारी बाई एकीकडे कणीक मळत असते. तिला मान वर करून दोन सेकंदांत कळलं पाहिजे की हा वाईट मामा आणि ही खाष्ट आत्या. चॅनलवाल्यांना ते माहीत असतं. ते आमच्याकडे 'अमक्यासारखा' मागतात. आम्ही पाच वेगळे पर्याय पाठवले तरी फायनल होतो तो अमकाच. धोका कुणाला नकोय, कारण पात्र चाललं नाही तर त्याचा ट्रॅक (कथानक) बंद आणि बोलणी आम्हाला.

पण नटही सेल्फ टेप (घरी स्वतःच शूट केलेली ऑडिशन) कशी पाठवतात बघा. आम्ही लिहून पाठवतो, 'शांत, घाबरलेला बाप'. टेप येते ती ओरडणाऱ्या बापाची, कारण त्यांच्या शोरीलमध्ये (निवडक कामाच्या व्हिडिओत) ओरडण्याचा सीन गाजलाय. बरेच जण इंट्रोमध्येच सांगतात, 'मी निगेटिव्ह रोल करतो.' अहो, आम्ही विचारलं का? नाव, उंची, वय, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एवढंच हवं होतं.

मराठी नटांचं आणखी एक. हिंदीत आम्हाला पूर्वी हवालदार, कामवाली आणि गँगमधला तिसरा माणूस एवढ्याचसाठी फोन यायचे. आता चित्र थोडं हललंय. छाया कदम यांचंच बघा ना. 'फँड्री', 'सैराट', 'न्यूड' करत आल्या, आणि मग 'लापता लेडीज'मधल्या स्टेशनवरच्या मंजूमाई. ती बाई कष्टकरीच आहे, वर्ग बदललेला नाही. पण तिला मतं आहेत. ती पुरुषांना उभं करत नाही. आधीच्या कुणी लेखकाने तिला चहा आणून ठेवायला लावून सीनबाहेर काढलं असतं. म्हणजे श्रेय लेखणीलाही द्या. नट ताजं करायला तयार असला तरी पानावर काहीतरी लागतं.

---

सुलभामावशी
बुधवार, सकाळी ७:१०

तुम्ही सगळे पुरुषांबद्दलच बोलताय. राणी, तू छायाचं नाव घेतलंस म्हणून बरं वाटलं.

बाईवर पहिला शिक्का वयाचा बसतो. रीमा लागूंचं बघ. 'वास्तव'मध्ये (१९९९) त्या संजय दत्तच्या आई. त्यांचा जन्म १९५८ चा, त्याचा १९५९ चा. जेमतेम एक वर्षाने मोठी आई! 'मैंने प्यार किया'त सलमानची आई झाल्या तेव्हा तर तिशीच्या सुरुवातीला होत्या. त्याच रीमाला आम्ही 'पुरुष' नाटकात अंबिका करताना पाहिलं होतं. त्या नाटकाहून घरी येताना आम्ही बायका टॅक्सीत एक अक्षर बोललो नाही. ती ताकद हिंदी सिनेमाने दुधाच्या ग्लासात विरघळवून टाकली. तरी 'वास्तव'च्या शेवटी बघ, ती आई म्हणून जे करते त्यात अंबिका आहे. मला दिसली बाई.

आणि ललिता पवार. १९४२ साली शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात लागली, डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम झाला. नायिकेची कामं गेली. तो बारीक झालेला डोळाच मग खाष्ट सासूचा ट्रेडमार्क झाला. 'रामायण' मालिकेतली मंथरा तर घराघरात. पण 'अनाडी'तली मिसेस डिसा बघा. तोच डोळा. तीच करारी चाल, तेच खेकसणं. आणि त्या खेकसण्याच्या आत सगळी माया. बाईने खाष्टपणा सोडला नाही, उलट तोच वापरला. प्रेमळ म्हातारी दाखवायची म्हणून मवाळ झाली असती तर पुचाट झालं असतं काम. फिल्मफेअर मिळालं त्या भूमिकेला.

म्हणून विंगेतल्या, खाकी टाकायच्या मागे लागू नकोस. खाकीला आतून उसव.

---

मेघना_पार्ले
बुधवार, सकाळी ९:०२

मावशी, साष्टांग __/\__

---

तिरकस
बुधवार, सकाळी ११:३०

मावशींपुढे बोलायची हिंमत नाही, तरी प्रेक्षकांचा मुद्दा राहिला, तो मांडतो.

लक्ष्मीकांत बेर्डे. 'टुरटुर'पासून हशा म्हणजे लक्ष्या. १९९२ साली त्यांनी 'एक होता विदूषक' केला. पटकथा पुलंची, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. सोंगाड्या माणूस, हसवणं हेच ज्याचं भांडवल, तो हसवण्यातून बाहेर पडू बघतोय, अशी गोष्ट. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाची ती असूच शकली नसती. काम अप्रतिम. पण सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही. का? कारण आम्ही. आम्ही लक्ष्याला बघायला गेलो होतो. माझ्या आठवणीत थिएटरात लोक पहिल्या गंभीर सीनलाही हसत होते, आता काहीतरी होईल या आशेने. होईना, तेव्हा चुळबूळ सुरू.

हिंदीत तर त्यांना घरच्या नोकराच्या पुढे फार कुणी नेलंच नाही. ते असो. पण मराठी प्रेक्षक नटावर इतकं प्रेम करतो की त्याला हलू देत नाही. चॅनलला शिव्या घालताना आपला मोबाईलही तपासा, अशोकमामांच्या (सराफांच्या) कुठल्या क्लिप फॉरवर्ड करता ते. 'हमीदाबाईची कोठी' हे नाटक त्यांनी विजयाबाई मेहतांच्या हाताखाली केलं होतं हे किती जणांना ठाऊक आहे?

---

लालबाग_परळ
बुधवार, दुपारी १२:१०

तिरकस चक्क सरळ बोलला. तारीख लिहून ठेवा.

सदाशिव अमरापूरकर कुणी घेतले नाहीत अजून. 'अर्धसत्य'चा (१९८३) रामा शेट्टी आवाज चढवत नाही, त्यानेच घाम फुटतो. त्यानंतर हिंदीने त्यांना व्हिलन, व्हिलन, व्हिलन केलं, तर 'सडक'मध्ये (१९९१) महाराणी करून बसले! पण मला विचाराल तर महाराणीपेक्षा रामा शेट्टीच मोठा. महाराणीत मेहनत दिसते.

---

विंगेतला
बुधवार, रात्री १२:५५

प्रयोग करून आत्ता आलो. काय लिहिलंय सगळ्यांनी!

तिरकस, प्रेक्षकांचा मुद्दा बिनतोड, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला तो रोज भेटतो. सध्या एक छोटं प्रायोगिक नाटक करतोय. मी त्यात गिरणीतून बाहेर पडलेल्या कामगाराचा मुलगा, आता एका टॉवरमध्ये लिफ्ट चालवणारा. पैसे म्हणाल तर नाईट (एका प्रयोगाचं मानधन) इतकी की रिक्षाने आलो तर तोटा. त्यात दुसऱ्या अंकात माझं एक वाक्य आहे, त्यावर पहिल्या प्रयोगापासून सणसणीत हशा यायचा. आमची दिग्दर्शिका माझ्या निम्म्या वयाची. तिने चौथ्या-पाचव्या प्रयोगानंतर सांगितलं, 'काका, तो हशा काढून टाका.' म्हटलं, अगं, लोक हसतात म्हणजे पोचतंय. ती म्हणाली, 'ते लिफ्टमनला नाही हसत. टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरला हसतात. तुम्ही तिथे त्याचा पॉज घेता.'

राग आला मला. तीस वर्षांचा पॉज आहे तो, माझा हक्काचा. मग पुढच्या प्रयोगाला मुद्दाम पॉज न घेता वाक्य टाकलं, बटण दाबता दाबता. हशा गेला. पूर्ण गेला. पोटात खड्डा पडला राव, नटाला विचारा ते काय असतं. पण त्यानंतरचं वाक्य, जे आजवर हशात बुडायचं, ते पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आणि ते वाक्य बापाबद्दलचं आहे. आज पार्ल्यात एक गृहस्थ आत भेटायला आले, ते त्या वाक्याबद्दलच बोलले.

मालिकेत हे करायला मिळत नाही, कारण तोच सीन दुसऱ्यांदा मिळत नाही. नाटकात उद्या परत तीच एन्ट्री असते. दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं व्हायची त्या दिवसांतली माणसं व्यावसायिक नाटक, सिनेमा सगळं करूनही त्या शाळेच्या हॉलकडे का वळत होती, ते मला आता कळतंय. प्रायोगिक थोर आणि मालिका हलकी, असं मात्र म्हणत नाही. मालिकेचे पैसे ९० दिवसांनी का होईना येतात, म्हणून मी लिफ्ट चालवू शकतो.

---

पहिली_घंटा
गुरुवार, सकाळी १०:४०

नमस्कार, इथे नवीन आहे. कॉलेजात एकांकिका करायचो, दोन वर्षं मुंबईत ऑडिशन देतोय. मला दोनच प्रकारचे रोल येतात, हिरोचा मित्र आणि हिरोचा दुसरा मित्र. दादा, माझ्यासारख्याने नाही म्हणायला कधी सुरुवात करावी? आधीच शिक्का बसला तर?

---

विंगेतला
गुरुवार, दुपारी २:१५

ये, ये. नाही म्हणायची घाई करू नकोस, भाडं कोण भरणार? दुसरा मित्र घे. फक्त सीन हातात आला की एक बघ: हिरो बोलत असताना या मित्राला काय हवंय? घरी जायचंय, भूक लागलीय, हिरोची मैत्रीण त्यालाही आवडते, काहीही. लेखकाने दिलं नसेल तर तू ठरव. सांगू नकोस कुणाला, नाहीतर दिग्दर्शक म्हणेल जास्त करतोयस. आणि पहिल्या मित्रासाठी जे ठरवलं होतंस ते दुसऱ्यासाठी वापरायचं नाही.

शोरीलमध्ये गाजलेला सीन पहिला टाकू नकोस, राणीने वर लिहिलंय ते शंभर टक्के. आणि एखादा ग्रुप धर. तालमीला कोपऱ्यात बसायला मिळालं तरी चालेल.

---

आरामनगरची_राणी
गुरुवार, दुपारी २:४०

@पहिली_घंटा, व्यनि बघ. एक 'शांत, घाबरलेला' आहे, बाप नाही, भाऊ. उद्या संध्याकाळपर्यंत टेप पाठव. ओरडू नकोस.

---

सुलभामावशी
गुरुवार, दुपारी ४:००

विंगेतल्या, तुझ्या लिफ्टवाल्या नाटकाचा दादर-माटुंग्याकडे प्रयोग कधी? पार्ल्याला रात्री परत यायला आता मला झेपत नाही. आम्ही सहा जणी आहोत, पुढच्या रांगेतली तिकिटं ठेव. फुकट नको.